घरातले वन्यजीव आणि सरकारची वही

(मंडळाच्या मासिक सभेत एका निवृत्त वकील सभासदांनी केलेले भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, घरी पाळलेल्या वन्य प्राण्यांच्या नोंदणीचे सरकारी नियम. ते हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्या मंडळात वाघ पाळलाय कुणी?" मी म्हटले, सभेच्या दिवशी दारात एक डबा ठेवा. ज्याला काही विचारायचे असेल त्याने नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी.

आज त्या डब्यातून सतरा चिठ्ठ्या निघाल्या. वाघ एक निघाला, कातड्याच्या रूपात. पोपट पाच, कासवे तीन, सांबराची शिंगे दोन ठिकाणी, एक हिरवा इग्वाना, आणि एका चिठ्ठीवर फक्त एवढेच, "मोरपीस चालते ना?" तेव्हा कार्यवाहांना माझे उत्तर असे, की वाघ नसला तरी जंगल आपल्या घराघरांत आहे.

त्यात नवल काही नाही. आपले बडोदे जनावरांचे शौकीन शहर. हत्तीखान्यात आज आपण गहू-डाळ घ्यायला जातो, पण नावच सांगते की तिथे कोण राहत होते. खंडेराव महाराजांच्या काळात अग्गडात हत्तींच्या झुंजी आणि साठमारी चालत, ती पाहायला लांबून पाहुणे येत. काळवीट धरायला शिकवलेले चित्ते दरबारात पाळलेले असत. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये कमाटी बाग उभी केली आणि तिच्यातले प्राणिसंग्रहालय लोकांना खुले केले. दरबाराची ही हौस सरदार-दरकदारांच्या वाड्यांतून, मग कारकुनांच्या घरांतूनही झिरपत आली. कुणाच्या ओसरीवर शिंगे लागली, कुणाच्या देवघरात मृगाजिन आले, आणि पिंजऱ्यातला राघू तर प्रत्येक घरी. त्या वेळी या कशालाच कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातली एक गोष्ट मला तुमच्या मनात पक्की बसवायची आहे, कारण चाळीस वर्षांच्या वकिलीत मला भेटलेल्या दहातल्या नऊ माणसांचा गोंधळ तिथेच होता. लोक म्हणतात, "आम्ही पैसे देऊन घेतलाय, पावती आहे," किंवा "आजोबांपासून आहे, आमच्या मालकीचा आहे." कलम ३९ काय म्हणते? कायद्याविरुद्ध मारलेला, धरलेला, पाळलेला वन्य प्राणी आणि त्याचे कातडे, शिंग, नख ही सरकारची मालमत्ता. म्हणजे दुकानदाराने तुम्हाला जे विकले ते त्याचे नव्हतेच. त्याची पावती हा तुमचा बचाव नव्हे, उलट तुमच्याविरुद्धचा पुरावा. आणि कलम ५७ प्रमाणे, अशी वस्तू किंवा जनावर तुमच्या ताब्यात सापडले, की ताबा बेकायदा आहे असेच धरून चालतात. कायदेशीर आहे हे तुम्ही सिद्ध करायचे. आपल्या फौजदारी कायद्यात असे क्वचितच असते. चोरीच्या खटल्यात सरकार सिद्ध करते. इथे तुम्ही.

म्हणून कागद. कागदावाचून इथे काहीच नाही.

कायदा लागू झाला तेव्हा सरकारने सांगितले, की ज्यांच्याकडे वरच्या अनुसूचीतले प्राणी किंवा त्यांची कातडी-शिंगे असतील त्यांनी तीस दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावे. चौकशी होऊन मालकीचा दाखला मिळे. सावध लोकांनी तेव्हा तो घेतला. पुष्कळांना बातमीच कळली नाही. रेडिओ होता, पण तो गाण्यांसाठी. मग २००३ मध्ये सरकारने आणखी एकदा दार उघडले, राहून गेलेल्यांनी १८० दिवसांत जाहीर करावे म्हणून. ते दारही बंद झाले.

याच २००३ मध्ये एक दुरुस्ती लागू झाली. आज सभेला आलेल्या बहुतेकांचा संबंध तिच्याशी आहे. दाखला असलेली वस्तू विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. ती फक्त वारसाने जाते. आणि वारसाने जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे आली, त्या व्यक्तीने नव्वद दिवसांत पुन्हा स्वतःच्या नावाने जाहीर करायची असते. जिवंत हत्तीला ही दोन कलमे लागू नाहीत, त्याची व्यवस्था वेगळी. बाकी सगळ्यांना लागू.

नव्वद दिवस म्हणजे किती? तेराव्यानंतर पाहुणे जातात, बँकेची खाती, विम्याचे कागद, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, बहिणींची हक्कसोडपत्रे. वर्षश्राद्ध येईपर्यंत माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो. भिंतीवरच्या शिंगांकडे बघायचे कुणाला सुचते?

आता ती वाघाच्या कातड्याची चिठ्ठी वाचतो. अक्षर सुरेख आहे, जुन्या शाळेतले. "आजोबांनी १९५१ मध्ये मारलेला वाघ. आजोबांच्या नावाचा सरकारी दाखला आहे. आजोबा १९८८ मध्ये वारले, वडील २०११ मध्ये. आम्ही तिघे भावंडे. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये ते लावायचे म्हणतो. पाठवावे का?"

लिहिणाऱ्याने तारखा दिल्या हे फार चांगले केले. १९८८ मध्ये वडिलांकडे आले तेव्हा नव्वद दिवसांचा नियमच नव्हता. २०११ मध्ये तो होता. तेव्हा तिघांपैकी कुणीही जाहीर केले नाही. म्हणजे आज आजोबांच्या नावाचा दाखला आहे, पण आजोबांना जाऊन तीन तपे उलटली आणि ज्यांच्या ताब्यात कातडे आहे त्यांच्या नावाचा काहीच कागद नाही. अशा स्थितीत ते गाडीच्या डिकीत घालून पुण्याला नेणे म्हणजे एका अडचणीच्या दोन करणे. कारण दाखला स्वच्छ असला तरी वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली, की तीस दिवसांत तिथल्या अधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि इथे तर मुळातच गाठ पडलेली आहे.

मग करायचे काय? दोन वाटा आहेत. जुना दाखला, दोन्ही मृत्यूंचे दाखले आणि वारसांचे कागद घेऊन वनखात्याच्या कचेरीत उशिराचा अर्ज द्यायचा, उशीर का झाला ते खरे-खरे लिहायचे. किंवा कातडे परत करायचे. २०२२च्या दुरुस्तीने ४२-अ हे नवे कलम आले. ज्याच्याकडे दाखला आहे आणि वस्तू ठेवायची इच्छा उरलेली नाही, त्याने कामाच्या सात दिवसांची आगाऊ नोटीस देऊन ती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या स्वाधीन करायची. मोबदला मिळत नाही. दाखला त्या दिवसापासून रद्द. तुमच्या बाबतीत दाखला आजोबांचा असल्याने दोन्ही वाटांना एखादा वकील बरोबर घ्या. फी तो घेईलच, पण नंतरच्या जामिनापेक्षा ती कमी असते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात, वर किमान पंचवीस हजार दंड. वाघ पहिल्या अनुसूचीत आहे हे सांगायला नको.

मला कुणाला घाबरवायचे नाही. पण वडील हयात असताना एक दुपार त्यांच्याजवळ बसून विचारा, "हे कुठून आले? कागद कुठे आहे?" एवढे एक उत्तर ते बरोबर घेऊन गेले, तर जगातला कुठलाही वकील ते परत आणू शकत नाही.

मुंजीच्या अजिनाविषयी दोन चिठ्ठ्या आहेत. बटूच्या यज्ञोपवीतात हरणाच्या कातड्याचा तुकडा बांधतात, आपल्यातली जुनी रीत. कृष्णाजिन म्हणजे काळविटाचे कातडे, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत. पूजेच्या दुकानात पुडीत मिळतो तो तुकडा बहुधा बकरीचाच असतो, पण दुकानदार छातीठोकपणे "अस्सल हरणाचे आहे" म्हणून सांगतो. म्हणजे तो खोटे बोलत असेल तर तुम्ही फसलात, आणि खरे बोलत असेल तर तुम्ही गुन्हा केलात. भटजींना सांगा, दर्भावर भागवा. त्याच दुकानात "हत्ताजोडी" म्हणून जे मुळीसारखे दिसणारे, सिंदूर लावलेले काहीतरी डबीत विकतात, ते मूळ नाही. घोरपडीच्या नराच्या गुप्त अवयवाचे वाळवलेले तुकडे आहेत ते. आपल्यातल्या घोरपडे मंडळींनी तरी ते देवघरात ठेवू नये. (हशा) मोरपिसांचे विचारणाऱ्यांनी निश्चिंत असावे. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्याने देशात सूट आहे. मोर मारून काढली नाहीत म्हणजे झाले.

आता जिवंत जनावरांकडे येऊ. खरा गुंता तिथे आहे, कारण कातड्याला वय होत नाही.

पोपटाच्या पाच चिठ्ठ्यांतली एक वाचतो. "आईचा पोपट बावीस वर्षांचा आहे. आई आता पंच्याऐंशीची. त्याची नोंद करून घेता येईल का? आईच्या मागे आम्ही त्याला सांभाळू."

तो आपला देशी राघू, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला. उत्तर आहे, नाही. येत नाही. त्यासाठी नमुनाच नाही, खिडकीच नाही. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे आणि देशी वन्य पक्षी घरात ठेवायचा परवाना कुणालाही मिळत नाही. मुनिया, पहाडी मैना, खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा पहाडी पोपट, सगळ्यांना हेच.

इथे लोक रागावतात. मागे एक आजी मला म्हणाल्या होत्या, "माझ्या पोटच्या पोराहून तो माझं ऐकतो, आणि सरकार म्हणतं गुन्हा?" त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण राघूची पिल्ले बाजारात कशी येतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा. हिवाळा सरता सरता ढोलीत पिल्ले असतात. धरणारा हात घालून पंख न फुटलेली पिल्ले काढतो, टोपलीत कोंबतो. बसच्या टपावरून, रेल्वेच्या सीटखालून ती शहरात येतात. वाटेत कितीतरी मरतात. आजींच्या घरी आलेला राघू हा त्या टोपलीतून वाचलेला. आजींनी त्याला पेरू-मिरची घातली, पण टोपली भरायला पैसे देणारे गिऱ्हाईकही आपल्यासारखेच घर होते. कायदा आजीकडे बघत नाही, टोपलीकडे बघतो. मला तो बरोबर वाटतो.

तरी पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगायचे? वकील म्हणून सांगायचे तर गुन्हा तो गुन्हा, सामान्य कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. शेजारी म्हणून सांगतो, दुसरा आणू नका, आणि याला कृपा करून उडवून देऊ नका. बातमी वाचून घाबरलेले लोक पहाटे गच्चीवर जाऊन पिंजरा उघडतात. बावीस वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखात बळ नसते, त्याला दाणा शोधता येत नाही, आणि संध्याकाळच्या आत कावळे किंवा मांजर त्याचा निकाल लावते. वनखात्याला कळवा. पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात त्याची सोय ते करतात. आईला हे कधी सांगायचे, ते तुमचे तुम्ही ठरवा.

कासवांचे थोडक्यात. पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव आणि आपल्या नदी-तळ्यांतली पुष्कळशी कासवे संरक्षित आहेत. लक्ष्मी येते म्हणून काचेच्या भांड्यात ठेवायची वस्तू ती नव्हे. एका चिठ्ठीत लिहिले आहे की पुराच्या पाण्यातून कासव अंगणात आले, नातवाने टबात ठेवले, वर्ष झाले. मंडळी, कलम ३९ मध्येच याचे उत्तर आहे. असे जनावर कुठल्याही मार्गाने हाती आले, तर अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस चौकीला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या आपल्याला हे तोंडपाठ हवे. मगर अंगणात आली की आपण लगेच फोन करतो, कासव आले की टब शोधतो!

आता इग्वानाची चिठ्ठी, आणि तिच्यामागून २०२४चे नवे नियम.

आतापर्यंत सांगितले ते देशी प्राण्यांचे. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत कायदा बरीच वर्षे गप्प होता. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन राखी पोपट, सन कॉन्युर, बॉल पायथन नावाचा अजगर, हा हिरवा इग्वाना, हे सगळे दुकानातून उघड विकले जात. सीमेवर कस्टम्सने पकडले तर पकडले. एकदा माल शहरात आला की कुणी विचारत नसे. या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस नावाचा करार आहे, भारत त्यात १९७६ पासून आहे, पण त्याची अंमलबजावणी आपल्या कायद्यात नीट बसवलेली नव्हती. जून २०२० मध्ये केंद्राने सांगितले, की ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत आपणहून जाहीर करावे, कुठून आणले याचे कागद मागणार नाही. पुष्कळांनी केले. मग २०२२ची मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी साइटिसमधल्या जातींची.

इथे एक गंमत सांगतो, कारण तिच्यामुळे लोक फसले आहेत. जुन्या कायद्यात आपला देशी राघू चौथ्या अनुसूचीत होता. नव्या कायद्यात चौथी अनुसूची साइटिसमधल्या प्राण्यांची, आणि तिच्यातल्या प्राण्यांची नोंदणी होते. कुणीतरी जुने पुस्तक उघडले, "पोपट चौथ्या अनुसूचीत" वाचले, आणि देशी राघू नोंदवायला निघाले. तसे करू नका. ती आपल्याच हाताने लिहिलेली फिर्याद होईल.

नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने सहा महिन्यांत, आणि नंतर नवा आणला तर तीस दिवसांत, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. फी हजार रुपये, ती परत मिळत नाही. पुढे जनावर दुसऱ्याला दिले, त्याला पिल्लू झाले, ते मेले, तर तेही कळवायचे. म्हणजे आपल्या रेशनकार्डासारखेच, नाव वाढवणे आणि कमी करणे.

बजरी आणि कॉकटील या यादीत नाहीत, त्यांना नोंदणी नको. आपण सरसकट ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीच असतात. पण खरे आफ्रिकन लव्हबर्ड वेगळे, आणि त्यांच्या काही जाती यादीत आहेत. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला दाखवून जात पक्की करून घ्या. इग्वाना यादीत आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या सज्जनांनी उद्याच कामाला लागावे. मुदत गेली म्हणून गप्प बसण्यापेक्षा आपण होऊन लेखी कळवलेले केव्हाही बरे, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४च्या अखेरीस संपत होती. बडोदेकरांना त्या तारखा वेगळ्या कारणाने आठवत असतील. २६ ऑगस्टपासून विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, मगरी रस्त्यावर आणि घरांच्या छपरांवर दिसल्या. त्याच दिवसांतली एक हकिगत सांगतो. माझ्या शेजारच्या वहिनींची आहे, त्यांची परवानगी घेऊन सांगतो.

त्यांच्या यजमानांनी २०१२ मध्ये एक आफ्रिकन राखी पोपट आणला. हा पक्षी माणसाचा आवाज जसाच्या तसा उचलतो. यजमानांनी २०२० मध्ये तो रीतसर जाहीर केला, प्रिंट काढून फाईलला लावली, आणि २०२३ मध्ये ते गेले. पोपट राहिला. रोज चारच्या सुमाराला तो यजमानांच्या आवाजात म्हणतो, "अगं ऐकलंस का, चहा टाक." पहिले काही महिने वहिनी तेव्हा शेजारी निघून जात. आता चहा टाकतात.

जुलैमध्ये जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना नव्या नियमांचे सांगितले. त्या माझ्याकडे फाईल घेऊन आल्या. २०२०ची घोषणा यजमानांच्या नावाची, आता पक्षी यांच्याकडे. मृत्यूचा दाखला हवा, पक्ष्याचा फोटो हवा, पायातल्या कडीवरचा नंबर हवा. तो नंबर वाचताना त्याने माझ्या बोटाचा जो चावा घेतला, त्याची खूण अजून आहे. मी म्हटले, "वहिनी, अजून मुदत आहे, निवांत करू." त्या म्हणाल्या, "भावजी, यांनी सगळी कामं निवांत करू म्हणूनच ठेवली होती." मला गप्प बसावे लागले. बँगलोरचा भाचा सुट्टीवर आला होता. शनिवारी, २४ ऑगस्टला रात्री त्याने अर्ज भरला, हजार रुपये भरले.

सोमवारी पाऊस लागला तो थांबेना. मंगळवारी त्यांच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी. पोपटाला पिंजऱ्यासकट वर नेले, पण कपाट खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर फाईल उघडली तर २०२०च्या प्रिंटची शाई पसरून निळा डाग झालेला. यजमानांचा मोबाइल नंबर कधीच बंद केलेला, त्यावर आलेले संदेश गेले. तीन दिवस उशीर झाला असता तर त्या पक्ष्याविषयी दाखवायला त्या बाईंकडे चावलेले माझे बोट सोडून काही उरले नसते. सगळे कागद शनिवारी रात्रीच सरकारच्या वहीत चढलेले होते, म्हणून निभावले.

मालकीच्या कागदाने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र समजू नका. जुलै २०२५ मध्ये कोल्हापूरकडच्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचे प्रकरण आपण सगळ्यांनी वाचले. ती तिथे १९९२ पासून होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरला हलवायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले, आणि कोल्हापूर रस्त्यावर उतरले. तिच्यावर माणसांचा जीव किती होता ते त्या गर्दीवरून दिसले. पण न्यायालयाने माणसांचा धार्मिक उपयोगाचा हक्क एका पारड्यात आणि जनावराचा नीट जगण्याचा हक्क दुसऱ्यात घातला, आणि दुसरे जड ठरवले. निकाल आवडो न आवडो, कायदा त्या दिशेने चालला आहे. मालकीचा दाखला देण्यापूर्वीही, जिवंत जनावराच्या बाबतीत, त्याला ठेवायला पुरेशी आणि योग्य जागा आहे का हे अधिकाऱ्याने पाहायचे असे कलम ४२ मध्ये २००३ पासून आहे. दाखला हा सातबारा नव्हे. "याच्याकडे आहे, आम्हाला माहीत आहे, नीट सांभाळतो आहे," एवढेच तो म्हणतो.

वहिनींकडे परत येतो. दाखला आला, तो त्यांनी देवघरात ठेवला आहे. पण राखी पोपट नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षे जगतो. हा साधारण पंधराचा. वहिनी चौऱ्याहत्तरच्या, मूलबाळ नाही. मागच्या महिन्यात त्यांनी विचारले, "भावजी, माझ्यामागे तो कुणाच्या नावावर?" भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, मी घेतो, पण आमच्या सोसायटीत आवाजाची तक्रार होते." दुसऱ्या एका पुतणीला विचारले. तिला मूल व्हायचे आहे. मृत्युपत्रात आपण घर लिहितो, दागिने लिहितो, पण पोपट कसा लिहायचा याचा मसुदा माझ्याकडेही तयार नव्हता. दोनदा लिहून फाडला. ज्याचे नाव घालायचे त्याने आधी येऊन निदान आठ दिवस त्या पक्ष्याबरोबर राहावे, अशी अट वहिनींनी घातली आहे. मला ती मान्य आहे. भाचा दिवाळीत येणार आहे.

चहा आला आहे असे कार्यवाह खुणावताहेत. उरलेल्या चिठ्ठ्या मी खिशात ठेवतो. सांबराची शिंगे असलेल्या दोघांना आणि वाघाच्या चिठ्ठीवाल्यांना एवढेच सांगतो, की पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या वाचनालयात बसेन. असतील ते कागद आणा, नसतील तरी या. वस्तू मात्र आणू नका.